हिशेब यंत्राचा, जबाब कुणाचा?

रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा, बँकेच्या खात्यात पैसे भरायचे, बचत गटाचा हिशेब मोबाइलवर चढवायचा. अशा कितीतरी कामांमागे आता सॉफ्टवेअर असतं. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला ओळीने लिहून दिलेल्या सूचना. यंत्र सांगितलं तेवढंच करतं. चुकीचं सांगितलं, तर तेही तितक्याच इमानाने करतं.

या सूचना कशा तयार करायच्या, कशा तपासायच्या, याचं एक शास्त्र आहे. त्याला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग म्हणतात. अंगणात चूल मांडायला कुणी नकाशा काढत नाही. पण गावाची पाण्याची टाकी बांधायची, तर जमीन पाहावी लागते, आराखडा लागतो, माल तपासावा लागतो. सॉफ्टवेअरचंही तसंच. १९६०च्या दशकात मोठमोठी कामं संगणकावर आली. ती मुदतीत पुरी होईनात, चुका निस्तरता येईनात. म्हणून ऑक्टोबर १९६८मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे जाणकारांची परिषद भरली. तिचा विषयच होता सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. त्याच सुमारास अमेरिकेत मार्गारेट हॅमिल्टन या बाई चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळत होत्या. या कामालाही इंजिनिअरिंगचा मान मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

हे काम कसं चालतं, ते आपल्या गटाच्या हिशेबावरून पाहू.

पहिली पायरी विचारण्याची. बचत किती, व्याज कसं, हप्ता चुकला तर दंड किती, हे गटातल्या बायकांनाच विचारायला हवं. दुसरी आखणीची. कोणती नोंद कुठे राहील, ती कोण बदलू शकेल, हे ठरवायचं. तिसरी पायरी प्रोग्राम लिहिण्याची. चौथी तपासणीची, आणि इथे मुद्दाम वाकडं वागून पाहायचं. पैसे भरताना रेंज गेली तर? बटण दोनदा दाबलं तर? एकाच नावाच्या दोन बायका असल्या तर? पाचवी पायरी देखभालीची. नियम बदलतात, नव्या चुका सापडतात, त्या दुरुस्त कराव्या लागतात. घर शाकारावं लागतं, तसंच हे.

या पायऱ्या नीट पाळल्या नाहीत तर काय होतं? ब्रिटनमध्ये १९९९पासून गावोगावच्या पोस्टांत ‘होरायझन’ नावाची संगणक यंत्रणा आली. गावातलं छोटं दुकान चालवणारी माणसंच तिथे पोस्टही चालवतात. यंत्रणा आल्यावर कित्येकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. २०१५मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शाखेत ८,००० पौंडांची रोकड चढवताना पडदा अडकला. बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं आणि यंत्राने तीच रक्कम चार वेळा धरली. कागदावर २४,००० पौंडांची तूट आली. पैसे मात्र कुणीच घेतले नव्हते.

अशी तूट दिसली की पोस्ट खातं म्हणायचं, यंत्र बरोबर आहे, पैसे तुम्ही खाल्लेत. लोकांनी दागिने मोडून, घर गहाण टाकून ती भरली. ९००हून जास्त जण दोषी ठरले. एका गरोदर बाईला तुरुंगात जावं लागलं. कंपनीची माणसं दुरून शाखेच्या हिशेबात बदल करू शकत होती, हे तर वर्षानुवर्षं नाकारलं गेलं. अॅलन बेट्स या पोस्टमास्तरांनी इतरांना एकत्र केलं आणि सगळे मिळून कोर्टात गेले. यंत्रणेतल्या दोषांमुळे खोटी तूट दिसू शकते, असा निकाल डिसेंबर २०१९मध्ये लागला. २०२४मध्ये संसदेने कायदाच करून शेकडो जणांच्या शिक्षा रद्द केल्या.

सॉफ्टवेअरमध्ये चूक राहते, कारण ते माणसंच लिहितात. पण चूक सांगणाऱ्याचं ऐकणं, ती शोधणं आणि प्रत्येक बदल कुणी केला याची नोंद ठेवणं, हाही याच शास्त्राचा भाग आहे. नेमकं तेच तिथे झालं नाही. शिवाय प्रत्येकाला वाटत राहिलं की तूट आपल्या एकट्याच्याच शाखेत येते आहे.

म्हणून गटाचा हिशेब मोबाइलवर आला तरी वही बंद करू नका. पावती जपून ठेवा. दोन्हींची दर महिन्याला बैठकीत ताडणी करा. नवं अॅप घेऊन कुणी आलं, तर विचारा: चुकीची नोंद दुरुस्त कशी होते? ती कोण बदलू शकतं? बदलल्याचं आम्हाला दिसतं का? तक्रार कुणाकडे करायची? आणि आकडा जुळला नाही, तर आपल्या सचिवताईवर बोट ठेवण्याआधी शेजारच्या गटालाही विचारून पाहा. कदाचित त्यांचाही जुळत नसेल.