मतदान यंत्र बूथवर येण्याआधी कुठं तपासलं जातं?

लोकसभा-विधानसभेची मतदान यंत्रं बेल आणि ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या बनवतात. त्यांना केंद्राच्या एसटीक्यूसी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. निवडणुकीआधी जिल्ह्याच्या गोदामात कंपनीचे इंजिनिअर एकेक यंत्र तपासतात. पक्षांनाही लेखी बोलावणं असतं. ५ टक्के यंत्रांवर ५०० ते १२०० मतं टाकून चिठ्ठ्यांशी ताळा घेतात. पास यंत्राला गुलाबी सील लागतं, त्यावर हजर प्रतिनिधींच्या सह्या होतात.

शेवटची परीक्षा बूथवरच. मतदान ७ वाजता असेल तर पहाटे साडेपाचला किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं. नंतर ती मतं पुसतात. एजंट आला नाही तर कर्मचारी १५ मिनिटं थांबून पुढं जातात. निकालानंतर ओरडण्यापेक्षा उमेदवारानं पहाटे एजंट धाडलेला बरा.