खांबाचं डोकं बघा!

ग्रीसमधलं ऑलिम्पिया माहीत आहे ना? ऑलिम्पिक स्पर्धा जिथे सुरू झाल्या, तेच ठिकाण. तिथे हेरा देवीचं खूप जुनं मंदिर होतं. साधारण १,८५० वर्षांपूर्वी पॉसेनियस नावाचा प्रवासी ते पाहायला गेला. मागच्या दालनात दोन खांब होते आणि त्यातला एक चक्क ओकच्या लाकडाचा! अभ्यासक सांगतात, की आधी या मंदिराचे खांब लाकडीच असावेत. एकेक खांब कुजला, की त्याच्या जागी दगडी खांब बसवत गेले. म्हणूनच तिथले खांब एकसारखे नाहीत. कुणी जाड, तर कुणी बारीक.

आता जाऊ या अथेन्सला. तिथल्या टेकडीवर पार्थेनॉन हे मंदिर इ. स. पू. ४४७ मध्ये बांधायला घेतलं. त्याच्या चारी बाजूंना मिळून ४६ खांब! एकेक खांब १० मीटरहून उंच, पण अखंड दगडाचा नाही बरं का! लगोरीसारखी संगमरवराची जाडजूड चाकं एकावर एक रचली आहेत. दोन चाकांच्या मधोमध खाच करून त्यात लाकडाचा ठोकळा आणि खुंटी बसवायचे, म्हणजे वरचं चाक अगदी नेमकं बसायचं. अडीच हजार वर्षांनंतरही यातले काही ठोकळे सापडले आहेत. खांब उभा राहिला, की मगच त्यावर वरपासून खालपर्यंत २० उभ्या पन्हळी कोरायच्या. तेव्हा सांधे सहजासहजी दिसणार कसे?

खरी गंमत तर पुढेच आहे. हे खांब सरळ नाहीत! वर जाताना ते निमुळते होतात आणि मध्ये हलकेच फुगतात. किती? दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी! फुगवटा नसता, तर खांब मध्येच चिमटल्यासारखा दिसला असता, असं मानतात. आपले डोळे फसतात, हे त्या कारागिरांनी ओळखलं होतं.

ग्रीक खांबांचे मुख्य प्रकार तीन. ओळखायचे कसे? डोक्यावरून! साधी गोल उशी आणि त्यावर चौकोनी फरशी दिसली, तर तो डोरिक. दोन्ही बाजूंना गोल वेटोळी दिसली, तर आयोनिक. पानंच पानं दिसली, तर कोरिन्थियन. विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने लिहून ठेवलंय, की डोरिकमध्ये पुरुषाचा दणकटपणा आहे, आयोनिकमध्ये स्त्रीचा डौल आणि कोरिन्थियनमध्ये मुलीचा नाजूकपणा. कोरिन्थियनची कथाही त्यानेच सांगितली आहे. कॉरिंथ शहरातली एक मुलगी वारली. तिच्या आवडत्या वस्तू दाईने टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि वर कौल झाकलं. खाली अकँथस नावाच्या झाडाचं मूळ होतं. वसंतात टोपलीभोवती पानं फुटली आणि कौलाला अडून वळली. कॅलिमाकस या शिल्पकाराने ते पाहिलं आणि तशीच पानं दगडात कोरली.

अथेन्स म्हणजे विद्या आणि लोकांची सभा. म्हणून पुढे ग्रंथालयं, न्यायालयं, सभागृहं यांच्या दारात असे खांब आले. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या दर्शनी भागात आठ डोरिक खांब आहेत.

तुमच्या गावातही एखादी जुनी बँक, कॉलेज किंवा कचेरी असेलच. तिथे जा, मान वर करा आणि खांबाचं डोकं वहीत काढा. तीनपैकी कोणता निघाला?