गर्भाची थायरॉइड आणि दुकानातील मीठ

आमगावच्या बाजारपेठेत धान व किराण्याचा व्यवहार करणाऱ्या कुटुंबांना वजनमापाचे महत्त्व सांगावयास नको. परंतु ज्या ग्रंथीचे माप कधी कधी आईच्या उदरातच घ्यावे लागते, तिच्याविषयी आपल्या घरांत क्वचितच बोलले जाते. ती ग्रंथी म्हणजे गळ्यातील थायरॉइड.

पहिले सुमारे तीन महिने गर्भ आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर जगतो. बाराव्या आठवड्याच्या सुमारास त्याची स्वतःची ग्रंथी आयोडीन घेऊ लागते व विसाव्या आठवड्याच्या आसपास तिचे कार्य वेग घेते. मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असल्याने या काळातील मोठी उणीव पुढे पूर्णपणे भरून निघत नाही.

आईला ग्रेव्हज आजार असेल किंवा पूर्वी झालेला असेल, तर तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत जाऊ शकतात. थायरॉइड दाबणारी औषधेही जातात. अशा वेळी तज्ज्ञ सोनोग्राफीत गर्भाच्या मानेचा आडवा छेद पाहून ग्रंथीचा परीघ मोजतात व तो त्या आठवड्याच्या तक्त्याशी ताडतात. माप फार वाढलेले असल्यास तो गर्भातील गलगंड होय. मोठ्या गलगंडाने अन्ननलिका दाबली जाऊन गर्भजल वाढते, मान मागे ताणली जाते व प्रसूती अवघड होते. वेळीच कळल्यास आईच्या औषधाची मात्रा बदलून बहुधा सुधारणा होते. ही तपासणी प्रत्येकीला आवश्यक नाही. परंतु थायरॉइडची रक्ततपासणी गर्भारपणाच्या आरंभीच करून घेण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. सोनोग्राफीचा उपयोग केवळ आरोग्यासाठी आहे. लिंगनिदानास 1994 च्या कायद्याने बंदी आहे, हेही घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

आता आपल्या व्यापाराशी निगडित गोष्ट. गर्भवतीला दररोज 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. इतर प्रौढांना 150. मासळी न खाणाऱ्या घरात त्याचा मुख्य आधार आयोडीनयुक्त मीठ व दूध. साध्या सैंधवात आयोडीन अत्यल्प असते. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. मात्र पोते उघडे, ओलसर वा उन्हात राहिले, तर ते उडून जाते. म्हणून गोदामात मीठ कोरड्या फळीवर, सावलीत ठेवावे. जुना माल आधी विकावा. घरी ते झाकणाच्या बरणीत ठेवून स्वयंपाकाच्या शेवटी घालावे. मात्र मिठाचे प्रमाण वाढवू नये.

आयोडीनची पुडी काही रुपयांची. तिच्यावर नव्या पिढीची बुद्धी अवलंबून आहे. एवढी किफायतशीर गुंतवणूक दुसरी नाही.