डोहाळजेवणात न सांगितलेलं

डोहाळ्यांच्या गाण्यांत चिंचा असतात, कैऱ्या असतात. छातीतली जळजळ कोणत्याच गाण्यात नसते! माझ्या डोहाळजेवणाला हिंगणघाटच्या माहेरी पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. त्यातल्या बहुतेक दोन-तीन बाळंतपणं झालेल्या. पण पुढं शरीर काय काय रंग दाखवील, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

उलट्या होतात, पाय सुजतात, एवढं मला ठाऊक होतं. पण सर्दी नसताना नाक रात्रभर चोंदलेलं. दात घासताना हिरड्यांतून रक्त. आणि एके दिवशी पोळी लाटता लाटता लाटणंच हातातून निसटलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर! मला वाटलं, लकवाच आला. आई शांतपणे म्हणाली, "होतच असते माय, पोटाशी रायल्यावर."

खरंच होत असतं. गरोदरपणी अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. नाका-हिरड्यांतलं नाजूक अस्तर फुगतं. मनगटात सूज आली की तिथली नस दाबली जाऊन बोटं बधिर होतात. जठराच्या तोंडाची झडप सैल पडते आणि खालून गर्भाशय रेटतं, म्हणून ती जळजळ. थोडं थोडं खायचं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उशाला दोन उशा घ्यायच्या, ही शेजारच्या काकूंची युक्ती मला चांगलीच लागू पडली.

मग आठव्या महिन्यात तळहात-तळपाय खाजू लागले. वर्ध्याकडचा मे महिना, पारा 45 च्या आसपास; घामोळंच वाटणार! पण पुरळ कुठंच नाही आणि खाज नेमकी रात्री वाढायची. "उन्हाचं हाय ते," सगळ्यांचं एकच. नाव घातलेल्या दवाखान्यातूनही मलमच मिळालं. आठ रात्री जागून काढल्यावर बाबा मला एस.टी.नं सेवाग्रामला घेऊन गेले.

देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली सुशीला नायर यांच्या पुढाकारानं तिथं सुरू झालं. त्याच्याच कस्तुरबा रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी माझे हात पाहिले, "रात्री जास्त का?" विचारलं आणि रक्त तपासायला दिलं. यकृतातलं पित्त अडून रक्तात उतरत होतं. आईला त्याची नुसती खाज. पण प्रमाण फार चढलं तर बाळ पोटातच दगावू शकतं. मला ठेवून घेतलं, थोडं आधीच बाळंतपण केलं. मुलगी सुखरूप. खाज काही दिवसांत आपोआप गेली.

तिथल्या बाकावर माझ्या शेजारी देवळीकडची एक बाई होती. चेहरा सुजलेला, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे. तिच्या घरीही 'होतच असते' म्हणूनच चार दिवस गेले होते. रक्तदाब पाहिल्याबरोबर तिला धावतपळत आत नेलं. तिचं पुढं काय झालं, मला कळलं नाही.

परवा भाचेसुनेची ओटी भरताना मी तिच्या कानात हे सगळं सांगितलं. "मंगल कार्यात हे काय बोलणं?" बहिणीनं डोळे वटारले. सून मात्र मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मी रोज खडू खाते. हसू नका हं." मी हसले नाही. असं खडू-माती खाण्यामागं पुष्कळदा अंगातल्या लोहाची कमतरता असते. सोमवारी तिचं रक्त तपासायला आम्ही दोघीच गेलो.