लिंक उजवीकडून वाचा

"आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असा मेसेज आला की घाबरून खालच्या लिंकवर बोट जातंच. नेमकं तिथे थांबा आणि पत्ता वाचा, तोही उलटा. समजा तो असा आहे: महाडिस्कॉम डॉट इन डॉट बिल-अपडेट डॉट टॉप. सुरुवातीलाच महावितरणचा पत्ता दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. पण 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून त्यानंतरची पहिली रेघ शोधा आणि तिथून डावीकडे सरका. शेवटचे दोन तुकडे, म्हणजे 'बिल-अपडेट डॉट टॉप', हे खरं नाव. ते ज्याने विकत घेतलं, तो त्याच्या डावीकडे हवं ते लिहू शकतो. कुणाची परवानगी लागत नाही. शेवट 'को डॉट इन' किंवा 'गव्ह डॉट इन' असेल, तर तीन तुकडे बघायचे.

कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. तुमची माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय, हे नाही. त्यामागचं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'सारखी संस्था फुकट देते, आणि ते भामट्यालाही मिळतं.

बँकांच्या बाबतीत मात्र फार चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं. हा शेवट फक्त बँकांसाठी राखीव आहे.

आणि पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प बसू नका. ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा.