असं का होतं? : मॅच पॉइंटलाच सर्व्हिस का बिघडते?

बडोद्यातल्या कुठल्याही टेनिस कोर्टापाशी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहा. सरावात एखाद्या मुलाची सर्व्हिस एकामागून एक अचूक पडते. स्पर्धेत मात्र मॅच पॉइंट आला की तोच मुलगा डबल फॉल्ट करतो. हात तोच, रॅकेट तीच. मग बिघडतं काय?

हजारो वेळा केलेली हालचाल मेंदू आपोआप पार पाडतो. दडपण आलं की लक्ष चेंडूवरून स्वतःच्या हाताकडे वळतं. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून पाहा, अडखळायला होतं! त्यात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, श्वास उथळ होतो, मूठ आवळली जाते, मनगट ताठरतं. चेंडू जाळीत.

म्हणून दोन गुणांमधले 25 सेकंद मोलाचे. टॉवेलने तोंड पुसणं, लांब श्वास सोडणं, चेंडू ठरावीक वेळा आपटणं हे सगळं अंधश्रद्धेसारखं दिसतं खरं, पण त्यामुळे लक्ष ताळ्यावर येतं.

आणि आत्मविश्वास? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मते तो मुख्यतः स्वतः करून दाखवलेल्या कामातून येतो. कोरड्या शाबासकीचा प्रभाव त्यामानाने कमी. आणि एक सेट गेला म्हणजे सगळं संपत नाही: हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 असा गमावला, पुढे 6-3, 10-4 असं जिंकून सुवर्ण मिळवलं. गुण गमावणं तर दिग्गजांनाही चुकत नाही: टेनिसपटू रॉजर फेडररने कारकिर्दीत एकेरीचे सुमारे 80 टक्के सामने जिंकले, गुण मात्र 54 टक्केच!

तेव्हा पालकहो, कोर्टाबाहेरून ‘डबल फॉल्ट करू नकोस’ असं ओरडू नका. पोराचं लक्ष नेमकं तिथेच जातं.