खाडाखोड आणि इन्व्हेस्टमेंट बँक



मे महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे बाबा अमरावतीच्या बाजारात भेटले. म्हणाले, "मॅडम, पोरगं मुंबईले बँकेत गेलं दोन महिन्यासाठी. पन ब्रँच कोनती इचारलं त सांगतच नाही!" मलाही तेव्हा त्यांना नीट समजावता आलं नाही. जूनच्या शेवटी मुलगा अंबा एक्स्प्रेसने घरी आला आणि शाळेत भेटून गेला. त्याने सांगितलं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमातही आता प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजे इंटर्नशिप किंवा ओजेटी, आलेला आहे. आज ना उद्या हा विषय घरोघरी निघणार.

ही कसली बँक?

इथे पासबुक नाही, ठेवी नाहीत, काउंटर नाही. समजा, अकोल्याच्या एखाद्या डाळ मिलला दुसरा मोठा कारखाना उभारायचा आहे. त्यासाठी कर्ज काढता येतं किंवा कंपनीचे शेअर लोकांना विकून भांडवल जमवता येतं. पहिल्यांदा असे शेअर विक्रीला काढणं म्हणजे आयपीओ. शेअरची किंमत किती ठेवायची, कागदपत्रं कशी करायची, मोठे गुंतवणूकदार कुठून आणायचे, हे काम इन्व्हेस्टमेंट बँक करते आणि त्याची फी घेते. आपल्याकडे आयपीओचं काम करणाऱ्या संस्थेला सेबीकडे 'मर्चंट बँकर' म्हणून नोंदणी करावी लागते.

यात आकड्यांना एवढं महत्त्व का, ते कापसाच्या इतिहासातून समजतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाचे भाव चढले. मुंबईत पैसा आला, नवनव्या कंपन्या निघाल्या आणि लोकांनी हिशेब न बघता शेअर घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कित्येकांचं दिवाळं निघालं. आज कंपनीला आपला हिशेब, कर्ज, कोर्टातले दावे आणि धोके माहितीपत्रकात लिहून द्यावे लागतात, ते उगाच नाही.

इंटर्न काय करतो?

"मोठेमोठे सौदे करत असशील," मी म्हटलं. तो हसला. "नाही मॅडम, दिवसभर ताळा करत होतो."

कंपनीच्या ताळेबंदातले आकडे एक्सेलमध्ये भरायचे, त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांशी तुलना करायची, माहितीपत्रकातला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी जुळवायचा. आणि यातच त्याची चूक झाली. एका कंपनीचा हिशेब कोटीत होता, दुसरीचा लाखात. दुसरीची ४,८५० लाखांची विक्री, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस कोटी, त्याने तक्त्यात ४,८५० कोटी म्हणून टाकली. शंभर पटीची चूक!

रात्री अकराला त्याच्या ते लक्षात आलं. तक्ता वरिष्ठांकडे गेलेला होता. सांगितलं तर घरी पाठवतील, या भीतीने तो दोन तास गप्प बसला. शेवटी एक वाजता सांगितलं. तोवर त्याच आकड्यावरून पुढची पानं तयार झाली होती. सगळ्यांना पहाटेपर्यंत बसून ती बदलावी लागली. वरिष्ठ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चूक कोणाचीही होते. दोन तास का थांबलास?"

हे सांगून तो मला म्हणाला, "मॅडम, तवा मले चौथीची वही आठवली."

मलाही आठवली. खाडाखोड दिसली की मी एक गुण कापायची. हा मुलगा चुकलेलं पान फाडून पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहायचा आणि मी त्याला 'छान' असा शेरा द्यायची. चूक लपवायला त्याला मीच शिकवलं होतं.

आपण काय करू शकतो?

यंदापासून मी वर्गात नियम बदलला आहे. चूक पुसायची नाही, पान फाडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला बरोबर उत्तर लिहायचं. स्वतःची चूक स्वतः शोधली तर शाबासकी. पहिल्या आठवड्यात मुलांचा विश्वासच बसला नाही, काही जण अजूनही गुपचूप खोडरबर काढतात.

मोठ्या वर्गांसाठी एक सोपा उपक्रम आहे. वर्तमानपत्रातले मोठे आकडे कापून आणायला सांगा आणि लाख, कोटी, दशलक्ष एकमेकांत बदलून घ्या. एक कोटी म्हणजे शंभर लाख आणि दहा दशलक्ष. आकड्यापुढचं एकक आधी वाचायचं, ही सवय इथूनच लागते.

पालकांनो, इंटर्नशिपला गेलेल्या मुलाला पगार विचारण्याआधी झोप आणि जेवण विचारा. २०१३ मध्ये लंडनच्या एका मोठ्या बँकेतला २१ वर्षांचा इंटर्न मरण पावला, तेव्हा कामाच्या तासांवर जगभर चर्चा झाली. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने आपल्या उन्हाळी इंटर्नना मध्यरात्रीपासून सकाळी ७ पर्यंत ऑफिसात थांबू नका असं सांगितलं.

आणि लहान मुलांना घरी आल्यावर "किती गुण मिळाले?" सोबत "आज काय चुकलं?" हेही विचारा. पण आवाज चढवू नका, नाहीतर उत्तर मिळणार नाही.

त्या मुलाला तिथे पुढची नोकरी मिळाली नाही. त्याला त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. जाताना त्याने माझ्या चौथीच्या वर्गात डोकावून फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, वरून दुसऱ्या ओळीत हातचा राहिला." मी रेघ मारली आणि बाजूला बरोबर उत्तर लिहिलं.